समुद्राचा सातबारा

आमच्या धावडा गावात बांध कोरणं हा गुन्हा नाही, हंगाम आहे. अक्षय तृतीया होते, वळवाच्या एखाद्या सरीनं ढेकळं मऊ होतात आणि शेवटच्या तासाला नांगर आपोआप वीतभर पलीकडं सरकतो. मुद्दाम कोणी करत नाही. पूर्वी बैल ओढाळ असायचे, आता ट्रॅक्टरवाला नवखा असतो. असं पाच-सात वर्षं चाललं, की शेजाऱ्याच्या हद्दीतली बाभूळ आपल्या वावरात येऊन उभी राहते. तिलाही कोणी आणलेलं नसतं, ती चालत आलेली असते.

मग शेजारी मोजणी मागवतो. वर्षानुवर्षं या मोजणीचे तीन प्रकार होते : साधी, तातडीची आणि अतितातडीची. फी चढत जायची, निकाल मात्र तिन्हींचा एकाच चालीनं यायचा. मोजणीदार येतो, खुणा रोवतो, चहा घेतो आणि जातो. पुढच्या अक्षय तृतीयेला खुणाही ओढाळ होतात. त्यानंतर भोकरदनचं कोर्ट, मग जालन्याचं, मग संभाजीनगरचं खंडपीठ. आजोबांनी घातलेला दावा नातू चालवतो आणि त्या हातभर जमिनीच्या जिवावर वकिलाचा बंगला दुमजली होतो.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की समुद्रात भराव टाकून उभ्या केलेल्या इमारतींबद्दल बोलायचा अधिकार धावड्याच्या माणसाला नाही, असं कोणी समजू नये. समुद्र आमच्यापासून तीनशेहून जास्त किलोमीटर लांब आहे, हे मान्य. अजिंठ्याच्या डोंगराला टेकलेल्या आमच्या टापूत लाट येते ती फक्त निवडणुकीत. पण मुंबईनं समुद्राचं काय केलं, हे आम्हाला कोणी समजावून सांगावं लागत नाही. तिनं अडीचशे वर्षं बांध कोरलाय. शेजारी कोर्टात गेला नाही, एवढंच.

हा विषय आमच्या घरात शिरला तो दाजींमुळं. दाजींचं गाव बदनापूरकडं. त्यांची जमीन समृद्धी महामार्गात गेली, मोबदला खात्यात आला आणि घराला चहूबाजूंनी सल्लागार फुटले. एक म्हणाला मोसंबी लावा, दुसरा म्हणाला मंगल कार्यालय काढा, तिसऱ्यानं पेट्रोल पंपाचा हिशेब मांडला. थोरला भाचा मुंबईत कंपनीत नोकरीला. त्यानं मोबाइलवर एक चित्र पाठवलं : चाळीस मजली काचेची इमारत, खाली निळं पाणी, पाण्यात शिडाची होडी आणि गच्चीवर पांढऱ्या कपड्यांतलं एक कुटुंब, ज्यातलं कोणीही कशालाही हसत होतं. वर लिहिलं होतं, ‘वॉटरफ्रंट लिव्हिंग’. दाजी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ ते चित्र पाहत राहिले आणि म्हणाले, “एवढं पाणी हाये मंग हे लोकं टँकर काहून मागवतात?”

जायचं ठरलं. दाजींनी मलाही सोबत घेतलं, कारण त्यांच्या मते मला कागद कळतो. २०२३ च्या डिसेंबरअखेरीस जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली तेव्हापासून मुंबई आम्हाला तालुक्याच्या गावासारखी झाली आहे. म्हणजे सकाळी निघायचं, दिवसभर काम होत नाही हे पाहायचं आणि परत यायचं. निघण्यापूर्वी मी मुंबईच्या भरावाचा इतिहास चाळला. वाचता वाचता लक्षात आलं, की यातलं एकही पात्र आम्हाला अनोळखी नाही.

पहिल्या अंकातलं पात्र विल्यम हॉर्नबी. हा मुंबईचा गव्हर्नर. त्या काळी मुंबई म्हणजे सात बेटं. भरती आली की महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून पाणी आत घुसायचं आणि मधला सगळा सखल भाग चिखलात जायचा. हॉर्नबीनं तिथं बांध घालायचा घाट घातला आणि १७८४ च्या सुमारास तो पुरा केला. गोष्ट अशी सांगतात, की लंडनच्या कंपनी सरकारनं खर्चाला नकार दिला, वर त्याला काढून टाकल्याचं पत्र धाडलं, आणि यानं बांध पुरा होईपर्यंत ते पत्र खिशातून बाहेरच काढलं नाही. इतिहासकार या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. आमच्याकडं मात्र कोणीही ठेवील. स्थगितीचा हुकूम खिशात घालून रातोरात काम उरकणारे गव्हर्नर आमच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत आहेत.

त्याच बांधाची दुसरी आख्यायिका रामजी शिवजी प्रभूंची. भिंत सारखी ढासळत होती. मग महालक्ष्मी त्यांच्या स्वप्नात आली, समुद्राच्या तळातून मूर्ती वर काढा म्हणाली. मूर्ती काढल्या, देऊळ बांधलं, बांध टिकला. म्हणजे त्या काळी शेजाऱ्याला नाही तरी शेजारच्या देवीला विचारायची पद्धत होती. पुढं ती अटही शिथिल झाली.

दुसरा अंक कापसाचा, आणि इथं आमचाही थोडा हात आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा मुंबईत इतका साचला, की तो टाकायला जागा पुरेना. मग त्यांनी तो समुद्रात टाकायचं ठरवलं. बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली. पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे बाजारभाव. जमीन अजून पाण्याखाली होती आणि तिचे शेअर आभाळात होते. १८६५ च्या एप्रिलात तिकडं लढाई थांबली, कापूस कोसळला आणि १ जुलैला मुंबईत देणी चुकवायचा दिवस आला तेव्हा शहरातली निम्मी प्रतिष्ठित माणसं एकमेकांना चुकवत फिरत होती. समुद्र जागचा इंचभर हलला नव्हता. त्याच्यात न उतरताच लोक बुडाले होते. आमच्याकडं आजही कापसाचा भाव पडला की शेतकरी बुडतो, पण त्याच्या बुडण्यावर कोणी कंपनी काढलेली नाही.

तिसरा अंक सगळ्यात रंगतदार. १९२० च्या आसपास गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॅकबेची योजना पुन्हा उकरून काढली. बेत ११४५ एकरांचा. गाळ उपसायचं जंगी यंत्र आणलं आणि त्याला साहेबांचंच नाव दिलं. यंत्र समुद्राच्या तळाचा चिखल उपसून भिंतीच्या आत ओतायचं आणि भिंतीच्या फटींतून तो चिखल गुपचूप परत समुद्रात जायचा. सरकार भरत होतं, समुद्र नेत होता, बिलं निघत होती. बंधाऱ्याच्या पाझराची बिलं आम्हीही पाहिली आहेत, पण या थाटाची नाहीत. लोकांनी या प्रकाराला नाव ठेवलं ‘लॉइड्स फॉली’. वकील खुर्शेद नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. हार्वे नावाच्या इंजिनिअरनं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, तो नरिमन यांनी जिंकला. पुढं भराव पुरा झाला तेव्हा कृतज्ञ सरकारनं त्याच्या टोकाला ज्यांचं नाव दिलं ते हेच नरिमन. गावात अतिक्रमणाविरुद्ध उपोषणाला बसलेल्या माणसाचं नाव त्याच अतिक्रमित चौकाला द्यावं, असं औदार्य आमच्या सरपंचांना अजून सुचलेलं नाही.

या योजनेसाठी कांदिवलीची टेकडी फोडली. तिथला दगड रेल्वेच्या वाघिणींतून दक्षिण मुंबईत आणून समुद्रात ओतला. म्हणजे बॅकबेला ऐटीत राहणारा माणूस मुळात कांदिवलीवरच राहतो, फक्त पत्ता बदलून. दाजींना मी हे गाडीत सांगितलं तेव्हा ते मनमाडपर्यंत गप्प होते. मनमाडला म्हणाले, “मंग सरळ कांदिवलीलाच काहून नाही राह्यले ते?” मी म्हटलं, तिथून समुद्र दिसत नाही. “पण दगड तर तिथलाच ना?” दाजींचा हा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला.

समुद्र दिसण्याचीही एक गंमत आहे. मुंबईत समुद्रासमोरची पहिली रांग पहिली राहत नाही. आज ज्याला आपण महर्षी कर्वे रस्ता म्हणतो तो क्वीन्स रोड एकेकाळी पाण्याच्या काठाकाठानं जायचा. तिथल्या माणसानं समुद्र पाहायला गॅलरी काढली, तर भराव पडून समोर मरीन ड्राइव्ह झाला आणि त्याच्या गॅलरीतून मरीन ड्राइव्हवाल्यांचे धोबी दिसू लागले. कफ परेडच्या बंगल्यांनी समुद्राकडं तोंड केलं, तर साठ-सत्तरच्या दशकांत पुढचे ब्लॉक भरून त्यांच्या तोंडासमोर टॉवर आले. ब्रीच कँडीपासून वरळीपर्यंतच्या लोकांनी मधल्या काळात समाधानाचा श्वास सोडला. १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली होती, आता कोणी भराव टाकणार नाही अशी त्यांची समजूत होती. कोस्टल रोडसाठी १११ हेक्टरचा भराव पडला आणि २०२४ च्या मार्चपासून तिथं गाड्या धावतात. त्या भरावावर घरं-दुकानं बांधायची नाहीत अशी अट आहे. अट आहे म्हणजे ती आज आहे.

या सगळ्यात खरा वहिवाटदार कोण, तर कोळी. आमच्याकडं शेतात जायचा रस्ता कोणी अडवला, तर मामलेदार न्यायालय कायदा १९०६, कलम ५ प्रमाणं तहसीलदारांकडं धाव घेता येते, बैलगाडीपुरता रस्ता मोकळा करून मिळतो. वरळीच्या कोळ्यांनी तेच केलं. कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलं होतं. ते म्हणाले, खवळलेल्या पाण्यात यातून होडी नेता येत नाही. भांडून, काम अडवून त्यांनी ते १२० मीटर करून घेतलं. ही बातमी वाचून मला भरून आलं. वाटेसाठी भांडणारा माणूस कुठंही भेटला की तो आपल्या तालुक्यातला वाटतो.

बिल्डरच्या ऑफिसात शिरलो तेव्हा थंडीनं दाजींनी उपरणं कानाला गुंडाळलं. पाणी विचारायला आलेल्या मुलीनं “स्टिल की स्पार्कलिंग?” असं विचारलं. दाजी म्हणाले, “माठातलं.” एका मोठ्या काचपेटीत इमारतीचा नमुना होता. स्पंजची झाडं, नखाएवढ्या मोटारी आणि एका बाजूला निळी काच. सूटबूट घातलेला एक गोड मुलगा हातात लाल किरणांची कांडी घेऊन उभा. दाजी कमरेत वाकले.

“हे निळं काय?”

“सर, अरेबियन सी.”

“ह्यात अजून भराव पडणार नाही, हे कुठं लिव्हलंय?”

“सर, हा परमनंट व्ह्यू आहे.”

“क्वीन्स रोडवाल्यांचाही परमनंटच होता. उद्या पुढून रस्ता निघाला तर?”

“मग सर कनेक्टिव्हिटी वाढते. रेट वाढतो.”

“आन् पुढं दुसरा टॉवर आला तर?”

“लोकॅलिटी प्रीमियम होते. रेट वाढतो.”

“आन् समुद्रच आत आला तर?”

मुलगा पहिल्यांदा थांबला. मग म्हणाला, “त्याला सर क्लॉज आहे. फोर्स मॅज्योर. म्हणजे देवाची करणी.”

“आन् भराव कोणाची करणी?”

त्यानं कांडी बंद केली आणि आम्हाला सॅम्पल फ्लॅट पाहायला नेलं.

सॅम्पल फ्लॅट ही वस्तू एकदा तरी पाहावी. त्यात पलंग असतो तो पाच फुटांचा, म्हणजे खोली मोठी दिसते. कपाटाला दारं नसतात, संडासाला काचेची भिंत असते आणि टेबलावर मातीची सफरचंदं असतात. खिडकीत समुद्राचा मोठा फोटो लावून त्याच्या मागं दिवा सोडला होता. त्या समुद्राला ओहोटी नव्हती, वास नव्हता, किनाऱ्यावर प्लास्टिक नव्हतं. दाजींनी बोटानं त्याला टकटक करून पाहिलं. प्रत्यक्षात आमच्या बजेटात बसणाऱ्या फ्लॅटमधून ‘पार्शियल सी व्ह्यू’ होता. आतल्या खोलीच्या खिडकीत डावा खांदा भिंतीला टेकवून मान उजवीकडं वळवली की दोन इमारतींच्या फटीतून तो दिसतो, असं मुलानं स्वतः करून दाखवलं. पूर्ण दिसणारा हवा तर दर वेगळा. शिवाय जसजसं वर जाल तसा मजल्यागणिक ‘फ्लोअर राइज’. दाजींनी आयुष्यात जमिनीचे पैसे दिले होते, पाण्याचे दिले होते. जमिनीपासून लांब जायचे पैसे ते पहिल्यांदाच ऐकत होते.

क्षेत्रफळाचा तिढा वेगळाच. महारेरा आल्यापासून फ्लॅट कार्पेटच्या हिशेबात विकावा लागतो, पण तोंडातून जुने शब्द जात नाहीत. कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप. दाजी बोटं मोडून म्हणाले, “सातशे चाळीस फूट. एक गुंठा म्हंजे एक हजार एकोणनव्वद. एवढ्यात आमी मिरचीचं रोप टाकतो, सायेब. आन् तेवढ्याच पैशात अख्खा शिवार येतो.” आमच्या भागात मिरचीला मान आहे. पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार भरला की खरेदीला बाहेरचे व्यापारी येतात. पण मिरचीवाला बांध, लिंबाची सावली आणि शेजारचं देऊळ मिळवून सुपर बिल्ट-अप एकर विकत नाही. ही प्रगती व्हायची आहे.

“माती दाखवा,” दाजी म्हणाले.

“सर, लँडस्केपिंगची?”

“नाही. घराखालची.”

मुलानं इंजिनिअरला बोलावलं. इंजिनिअर भला माणूस, मराठी, बहुधा आमच्याच वाटेनं कधीतरी मुंबईला आलेला. त्यानं सांगितलं, की वरचा थर भरावाचा, त्याखाली खाडीचा काळा चिखल, त्याखाली मुरूम आणि मग खडक, आणि खांब खडकात रोवलेत. दाजींची मान पहिल्यांदा समाधानानं हलली. सगळीकडं हा शहाणपणा नसतो. सॅन फ्रान्सिस्कोत पाण्यापासून जवळ, जुन्या भरावाच्या भागात, मिलेनियम टॉवर नावाची ५८ मजली इमारत २००९ मध्ये पुरी झाली. कोट्यवधींचे फ्लॅट, नामांकित रहिवासी. २०१६ मध्ये जगाला कळलं, की ती इमारत सोळा इंच खचली आहे आणि वर कललीही आहे. खांब खडकापर्यंत नेलेच नव्हते. शेवटी अठरा नवे खांब खडकात उतरवून तिला टेकू दिला, ते काम २०२३ मध्ये संपलं. आमच्या गावात विहीर बांधणारा गवंडीसुद्धा मुरूम संपून पाषाण लागल्याशिवाय पहिला थर बसवत नाही. पण त्याला अमेरिकेला कोणी बोलावलं नाही.

“बरं, पाणी किती फुटांवर लागतं?” दाजींनी सवयीनं विचारलं.

“काका, लागतं म्हणजे, बेसमेंटला सतत लागतच असतं. ते उपसायला पंप आहेत. चोवीस तास चालू.”

दाजी खुर्चीत बसले. आमच्याकडं बोअर साडेचारशे फूट जाते आणि तिथून धुरळा निघतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा लोकांनी डोळ्यांदेखत वाळताना पाहिल्या. आणि इथं पाणी न बोलावता येतं, त्याला हाकलायला विजेचं बिल भरतात आणि वर प्यायला टँकर घेतात. “खारं असतं हो ते,” इंजिनिअर समजुतीच्या सुरात म्हणाला. दाजी म्हणाले, “असू द्या. पण लागतंय की.”

परतीच्या गाडीत मला वाटत राहिलं, की काठाचं घर ही कल्पना आम्हाला नवीन मुळीच नाही. फक्त आमचा काठ सरकता आहे. दानापूरचं जुई धरण घ्या, शेलूदचं धामणा घ्या. भाद्रपदात भरलं तर भरलं, नाहीतर पाणी होळीपासून मागं हटू लागतं. ते जसजसं हटतं तसतशी तळाची काळी जमीन उघडी पडते आणि लोक तिच्यात पेरतात. तिला म्हणतात गाळपेर. पाटबंधारे खातं ती हंगामापुरती भाड्यानं देतं. एकही ट्रक मुरूम न टाकता दरवर्षी भर उन्हाळ्यात आमच्याकडं पाण्यातून जमीन निघते. लॉइड साहेबांचं यंत्र आयुष्यभर जे करू पाहत होतं ते आमच्याकडं पाऊस न पडून आपोआप होतं. शिवाय २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. धरणातला गाळ काढायचा आणि वावरात टाकायचा. मुंबईत जमीन उचलून पाण्यात टाकतात, आमच्याकडं पाण्याच्या जागेतून माती उचलून जमिनीवर टाकतात. दोन्हीकडं कंत्राटदार सुखी असतो. त्याला दिशा नसते, फेऱ्या असतात.

आणि आमच्या पाण्याचे निर्णय कुठं होतात? मंत्रालयात. मंत्रालय कुठं? बॅकबेच्या भरावावर. मराठवाड्याच्या तहानेची फाईल ज्या टेबलावर पडून असते त्या टेबलाखाली शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मासे फिरत होते. २०२१ मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या पालिका आयुक्तांनी जाहीर सांगितलं, की २०५० पर्यंत कफ परेड, नरिमन पॉइंट, मंत्रालय या भागाचा ८० टक्के हिस्सा पाण्याखाली जाऊ शकतो. आमच्या गावात पारावर ही बातमी वाचली गेली तेव्हा एकानं विचारलं, “म्हंजे तवा तरी पाण्याचा प्रश्न त्यांच्या ध्यानात येईल?”

कराराचा मसुदा दाजींनी घरी आणला होता. ओसरीवर बसून मी तो वाचत होतो, दाजी ऐकत होते. बाकी सगळं त्यांनी सोडून दिलं आणि परिशिष्टातल्या चतुःसीमेवर बोट ठेवलं. पूर्वेस रस्ता. उत्तरेस अमुक सोसायटी. दक्षिणेस तमुक भूखंड. पश्चिमेस अरबी समुद्र.

“लगतचा कब्जेदार हाये ना हा? मंग ह्याची सही कुठंय? मोजणीची नोटीस तरी बजावली का ह्याला?”

मी सांगितलं, की समुद्राला नोटीस देत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २० प्रमाणं भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा तळ सरकारच्या मालकीचा. सातबारा काढायचा म्हटलं तर कब्जेदार म्हणून सरकारचंच नाव लागेल आणि इतर हक्कांत फार तर कोळ्यांची वहिवाट. म्हणजे सरकारनं सरकारच्याच जमिनीवर अतिक्रमण करायचं, सरकारनंच ते नियमित करायचं आणि प्लॉट पाडून लिलाव करायचा. त्यात कधी कधी सरकारचीच पंचाईत होते. कुलाब्याच्या भरावावरची आदर्श सोसायटी सहा मजल्यांची म्हणून सुरू झाली आणि ३१ मजल्यांवर जाऊन थांबली. २०१० मध्ये त्यापायी मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली, तेही आमच्या मराठवाड्याचे. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं इमारत पाडा म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानं थांबा म्हटलं. खुर्ची गेली, इमारत आहे. आमच्याकडं पंचवीस मजले चुकून वाढत नाहीत, कारण ट्रॅक्टरवाला नवखा असला तरी इतका नवखा नसतो.

“पण इतक्या वर्षांचा कब्जा झाला की मालकी लागतेच ना?” दाजींनी कोर्टात घालवलेल्या आयुष्याचा अनुभव पणाला लावला. लागते. दुसऱ्याच्या जमिनीवर उघड, विनातक्रार बारा वर्षं ठाण मांडलं तर कायदा तुमच्या बाजूनं विचार करू लागतो. जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं. मुंबईचा समुद्रावरचा कब्जा अडीचशे वर्षांचा आहे. फक्त ‘विनातक्रार’ या शब्दापाशी गाडी अडते. समुद्र दर पावसाळ्यात मोठ्या भरतीला मोजणीला येतो. त्याची मोजणी नेहमी अतितातडीची. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून तो पार दुभाजकापर्यंत खुणा करून जातो, आदल्या वर्षी आपण टाकलेलं प्लास्टिक पुरावा म्हणून रस्त्यावर मांडतो आणि लोक मोबाइल काढून त्याचे फोटो घेतात. पालिका पंप लावते आणि हरकत फेटाळते. पुढची तारीख पुढच्या जूनला.

दाजींनी मसुद्याची घडी घातली. दुसऱ्या दिवसापासून त्या गोड मुलाचे फोन सुरू झाले. आधी ‘सर, लिमिटेड इन्व्हेंटरी’, मग ‘सर, फेस्टिव्ह ऑफर’, मग ‘अंकल, फायनल काय ते सांगा’. दाजी प्रत्येक फोनला एकच सांगायचे : “पश्चिमेच्या शेजाऱ्याची एनओसी आणा, टोकन देतो.”

शेवटी त्यांनी मुंबईत घर घेतलं. बाराव्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, भाच्याच्या ऑफिसपासून लोकलनं तासभर. खिडकीतून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसते. समुद्र कुठल्याही खांद्यानं, कुठल्याही मानेनं दिसत नाही. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. बहिणीनं थोडं नाराजीनं विचारलं, की एवढी मुंबई पडलेली असताना कांदिवलीच काहून?

दाजी पुरणपोळीवर तूप सोडत म्हणाले, “अगं, टेकडी त्यांनी समुद्रात नेली. पाषाण इथंच राह्यला.”